लाल कोट, पाच बटणं आणि एक वाकळ

मिरगाचा पाऊस लागून चार दिवस झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमाराला एका अनोळखी नंबरवरून मोबाइलवर तीन फोटो आले. कट्ट्यावर चटई, चटईवर पसरलेला लालभडक कोट. कॉलर काळी, मनगटाचे पट्टे काळे, छातीवर सोनेरी जर, समोर पितळेची सात बटणं. खाली मजकूर: "काका, आजोबा मराठा रेजिमेंटला होते. हे किती जुनं असंल? एकजण चाळीस हजार देतो म्हणतोय."

लष्करी टोप्या नि गणवेश जमवायला लागून मला तीस वर्षं झाली. वडील बेळगावच्या कॅम्पात शिंपी होते. मराठा रेजिमेंटच्या सेंटरच्या जवानांचे कपडे घट्ट-सैल करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळं शिवणीची भाषा मला पोस्टातल्या नोकरीच्या आधीपासून येते. तरी त्या रात्री फोटो मोठा करून बघितला, लाल आणि काळा रंग बघून हुरळलो, आणि उत्तर धाडलं: "1914 च्या आधीचा फुल ड्रेस, म्हणजे समारंभाचा गणवेश, असू शकतो. विकू नका."

दुसरं वाक्य बरोबर होतं. पहिलं मी लिहायला नको होतं. फोटो धाडणाऱ्या पोरानं ते तसंच पुढं त्या चाळीस हजारवाल्या व्यापाऱ्याला धाडलं, आणि व्यापाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी घरी येऊन दोन हजारांचा विसार ठेवला. हे प्रकरण एवढ्या तपशिलानं लिहून ठेवतोय ते मुख्यतः ह्या चुकीपायी.

लाल-काळ्याचा मोह

मी का फसलो ते आधी सांगतो. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धापर्यंत वेगवेगळ्या आकड्यांनी ओळखल्या जात: 103, 105, 110, 114, 116, 117. सन 1922 मध्ये त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, आणि 114 वी प्रशिक्षणाची पलटण म्हणून बेळगावात बसली. शरकतचं स्मारक आपल्याकडं आहे ते तिच्यामुळं. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, शरकतला ऑक्टोबर 1918 मध्ये ती लढली होती. ह्या पलटणींच्या जुन्या लाल कोटाला कॉलर नि कफ वेगळ्या रंगाचे असत. त्याला फेसिंग म्हणतात. काही पलटणींचं फेसिंग पिवळं, काहींचं काळं. 105 वी, म्हणजे मूळची मुंबई फौजेतली पाचवी, आजही 'काली पाँचवीं' ह्याच नावानं ओळखली जाते. लाल अंगावर काळी कॉलर दिसली की आमच्यासारख्यांच्या तोंडाला पाणी सुटतं ते ह्यामुळं. तसा कोट शिपायाच्या घरातून, शिपायाच्याच ट्रंकेतून निघणं म्हणजे लॉटरी.

झोप लागेना. पहाटे उठून शांतपणे हिशेब घातला, तेव्हा पहिली खोट दिसली. पोरगा उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला, वय अठ्ठावीस-तीस. त्याचा आजोबा फौजेत गेला असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. पण भारतीय पायदळाचा लाल फुल ड्रेस पहिल्या महायुद्धात गेला तो सर्वसाधारण शिपायाच्या अंगावर परत आलाच नाही. बँड, अंगरक्षक दल असल्या मोजक्या ठिकाणी तो उरला. साध्या शिपायाला खाकी ड्रिल, म्हणजे जाड सुती कापड, आणि थंडीत लोकरी खाकी. मग 1940 च्या शिपायाला लाल कोट कुठनं मिळाला? पणज्याचा असेल, किंवा कुणा साहेबानं दिला असेल, अशा पळवाटा मी बराच वेळ शोधत बसलो. जमवणाऱ्याचं मन वकिलासारखं चालतं. निकाल आधी, पुरावा मागनं.

व्यापाऱ्याची गोष्ट तर त्याहून पुढची. त्यानं घरात सांगितलं होतं की हा कोट कूतच्या वेढ्यातला आहे. कूत-अल-अमाराचा वेढा डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. तिथं 103, 110 आणि 117 ह्या मराठा पलटणी अडकल्या होत्या हे खरं. पण त्या खाकीत होत्या. खंदकात लाल कोट घालून कोण बसतो? कूतचं नाव लावलं की किंमत चढते, एवढाच त्या गोष्टीचा उपयोग.

ट्रंक

रविवारी गेलो. गाव खानापूरच्या वाटेवर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. घर कौलारू, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत भाताच्या तरव्याची गडबड. पोराची आई साठीच्या पुढची. मी वहिनी म्हणालो, त्या भाऊ म्हणाल्या, चहा आला.

"बघा भाऊ, खरं काय ते सांगा. आमच्या बाब्याला त्या माणसानं येडा केलाय."

ट्रंक पत्र्याची, आत वर्तमानपत्रं अंथरलेली. निघालं ते असं: तो लाल कोट, खाकी लोकरीची होडीसारखी टोपी, खांद्यावर लावायचं पितळी अक्षरपट्टीचं एकच टायटल, चामड्याचा करकरीत झालेला पट्टा, फौजेतून सुटल्याचं जुनं पुस्तक आणि डांबरगोळ्यांचा भपकारा. पदकं नव्हती. ती थोरल्या चुलत्याकडं गेली असं कळलं, आणि त्या विषयावर घरात कुणी जास्त बोललं नाही.

टायटलवर इंग्रजीत मराठाचं जुनं स्पेलिंग होतं, मधे एच घातलेलं. रेजिमेंटचं नाव ब्रिटिश काळात तसंच लिहीत. सुटकेच्या पुस्तकात हुद्दा लिहिलेला: बिगुलर, म्हणजे बिगुल फुंकणारा. भरती 1941, सुटका 1946. एवढ्यावर माझा पळवाटांचा खेळ संपला. ट्रंकेतला माणूस कोण आणि केव्हाचा ते आता पक्कं होतं. राहिला प्रश्न कोटाचा.

कोट

आधी नाकानं. शंभर वर्षांची लोकर पावसाळ्यात वेगळी वासते, ओल्या मेंढीसारखी. हा कोट डांबराशिवाय कशालाच वासत नव्हता.

मग कसर. बेळगावच्या चार महिन्यांच्या ओलीत शंभर वर्षं पडलेल्या लोकरी कोटाला कसरीचं एकही भोक नाही, हे मला पटेना. कसर लोकर खाते, रेशीम खाते. नुसत्या सुती किंवा प्लास्टिकच्या धाग्यात तिला काही मिळत नाही. शेजारची टोपी मात्र जागोजागी खाल्लेली. एकाच ट्रंकेत एक भोकं-भोकं आणि दुसरा कोरा, म्हणजे दोघांचं कापड वेगळ्या जातीचं.

मग जर. भिंगाखाली खरी कलाबतू ओळखू येते. आत रेशमाचा किंवा सुताचा दोरा, त्याच्यावर तारेचं बारीक वेटोळं. तार काळवंडते, दोरा सुटून केसासारखा डोकावतो. ह्या जरीत तार नव्हतीच, चकचकीत चपट्या पट्ट्या होत्या. प्लास्टिकवर चढवलेला मुलामा. नोटा तपासायची निळी टॉर्च मारली तर अस्तराच्या शिलाईचा दोरा पांढराशुभ्र पेटला. कापडाला आणि दोऱ्याला उजळपणा देणारी ती रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाली. दोरा एकटा पुरावा होत नाही, शिलाई मागनं दुरुस्त केलेली असू शकते. म्हणून मी शिवणी उलटल्या.

काखेतल्या शिवणीत कापडाची किनार दुमडून आत घेतली होती. शिंपी कापड वाचवायला असं करतो, वडील नेहमी करत. किनारीवर सोनेरी छापातली अक्षरं अर्धी कापलेली, पण वाचता येत होती: टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड. पॉलिएस्टर पहिल्यांदा तयार झालं 1941 मध्ये, इंग्लंडात. आपल्याकडं टेरीन, टेरीवूल आलं ते 1960 च्या दशकात. कूतचा वेढा आणि टेरीवूल ह्यांच्यामधे अर्धं शतक जातं.

पोराला खात्री करून हवी होती. म्हणून आतल्या माया सोडलेल्या जागेतनं चार धागे वहिनींना विचारून काढले आणि काडीनं पेटवले. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं वासतं. इथं थोडा केसाचा वास आला, पण शेवटी कडक काळा मणी उरला. बोटांत चुरेना. पोरगा मण्याकडं बघत राहिला. चाळीस हजार त्या मण्यात गेल्यासारखे त्याचे डोळे झाले.

कोट खोटा, असं मी त्याच क्षणी म्हणून टाकणार होतो. तेवढ्यात उजव्या खिशात बोट घातलं आणि तळाशी काहीतरी खरखरलं. खिसा उलटा केला. तांदूळ. अकरा दाणे, पिवळट पडलेले, दोन-तीन दाण्यांवर कुंकवाचा फिका रंग. मी वहिनींकडं बघितलं. त्या पदराआड हसत होत्या.

"अक्षता हायत त्या. मामंजी लगनात वाजवायचे की. ह्यो बँडचा कोट. त्या माणसानं फौजेचा म्हणून सांगितलं, आमी म्हणालो असंल बा."

"वहिनी, आधी का नाही बोललासा?"

"कुणी इचारलं?"

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. तीन पुरुष, एक व्यापारी, एक जाणकार म्हणवून घेणारा आणि एक नातू, आठवडाभर कोटावर बोलत होते. ज्या बाईनं तो कोट दहा लगनसराईंत वाळत घातला, तिला कुणी विचारलं नाही. तपासणीचा माझा क्रम तेव्हापासून बदललाय. भिंग नंतर, घरातली सगळ्यांत जुनी बाई आधी.

त्यांच्याकडनं कळलं ते असं. म्हातारा 1946 ला सुटून आला. फुंकायची सवय होती, फुप्फुस दांडगं. शहापुरातल्या एका बँड पथकात शिरला. आधी पिपाणी, मग मोठा बाजा, छातीशी धरून वाजवायचा तो. कोटाच्या छातीवर डाव्या बाजूला कापड घासून चकाकी आली होती आणि तिथं हिरवट-काळा डाग होता, त्याचा उलगडा तेव्हा झाला. पथकाचे कोट लाल ठरले. कॉलर नि कफ निळे ठरले होते, पण म्हाताऱ्यानं शिंप्याशी भांडून आपल्या एकट्याचे काळे करून घेतले. का, ते वहिनींना माहीत नव्हतं. "काळंच पायजे म्हणाले," एवढंच. म्हातारा कुठल्या पलटणीत होता ते पुस्तकावरनं स्पष्ट होत नाही, त्यामुळं 'काली पाँचवीं'शी ह्याचं नातं मी जोडणार नाही. जोडावंसं वाटतं, ते वेगळं.

बटणं

इथं प्रकरण संपायला हवं होतं. संपलं नाही ते बटणांमुळं.

सातांपैकी दोन बटणांवर अशोकस्तंभाचे सिंह. म्हणजे 26 जानेवारी 1950 नंतरची. फौजेच्या बिल्ल्या-बटणांवरचा राजमुकुट जाऊन सिंह आले ते प्रजासत्ताकापासून. कॅम्पातल्या कुठल्याही दुकानात ती मिळत असणार. उरलेली पाच जुनी. मधे बिगुल, वर मुकुट. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची खूण, इंग्लंडच्या फौजेतही आणि आपल्याकडंही.

जुनं म्हणून खरं, असं होत नाही. मुकुटवाल्या बटणांच्या आणि बिल्ल्यांच्या नव्या नकला बाजारात ढिगानं आहेत. व्यापाऱ्यानं "जोडी पुरी करायला" म्हणून घरात एक टोपीचा बिल्ला ठेवून दिला होता, तो बघण्यासारखा होता. ओतीव. पाठ सपाट आणि वाळूसारखी खरबरीत, कडा बोथट, बिगुलाच्या दोरीचे पदर एकमेकांत मिसळलेले. साच्यात दाबून काढलेल्या खऱ्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा ठसा दिसतो, कडा नखाला लागतात. शिवाय पितळ चिंच लावून ताजं घासलेलं. चिंचेवर मला बोलायचा हक्क आहे. शाळेत असताना वडिलांनी जपून ठेवलेला एक जुना बिल्ला मी दिवाळीत आईच्या तांब्यांबरोबर चिंचेनं घासला होता. वरचा सोन्याचा मुलामा भांड्यांच्या राखेबरोबर मोरीत गेला. वडील काही बोलले नाहीत, दोन दिवस जेवताना नुसती मान खाली.

पाच बटणं मात्र कुणी घासलेली नव्हती. कोटाला ती दोऱ्यानं शिवलेली, पण उलटी करून पाठीमागची कडी भिंगाखाली धरली तर कडीच्या आतल्या अंगाला बारीक खाच. दोऱ्यानं पितळ असं झिजत नाही, तारेनं झिजतं. खाकी ड्रिलच्या कोटाला पितळी बटणं शिवत नसत. कापडाला काज केलेली गोल भोकं असत, त्यांतून बटणाची कडी आत घालायची आणि आतनं तारेची रिंग अडकवायची. कोट धोब्याकडं जायचा, तेव्हा रिंगा काढून बटणं सुटी करायची. नाहीतर दगडावर आपटून ती चेपणार. म्हणजे ही पाच बटणं लाल कोटावर येण्याआधी बरीच वर्षं एखाद्या खाकी कोटावर रिंगांनी बसत होती. पाठीवर बनवणाऱ्याचं नाव होतं, लंडनच्या फर्मिनचं. झिजलं होतं, तरी वाचता येत होतं.

"मग खाकी कोट कुठं गेला?" मी विचारलं.

वहिनी आत गेल्या आणि वाकळ घेऊन आल्या.

वाकळ

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे थरांवर थर घालून हातानं टाके घालायचे. ही वाकळ वहिनींच्या सासूनं थोरल्या नातवाच्या बारशाला शिवलेली, 1983 ची. वरचं इरकली लुगडं एका कोपऱ्यात विरलं होतं आणि त्या फटीतून आतला थर दिसत होता. खाकी.

फट तळहाताएवढी. तिच्यातून तिरपी टॉर्च मारली. ड्रिलची तिरकी वीण, आणि एका ओळीत चार गोल भोकं. प्रत्येकाला हातानं घातलेलं काज. पाचवं भोक अर्धंच, वाकळ शिवताना कात्रीत सापडलेलं. वरच्या लुगड्यानं चाळीस वर्षं ऊन अडवल्यानं ह्या तुकड्याचा रंग टिकला होता. प्रत्येक भोकाभोवती कापडाचा एक गडद गोल दिसत होता. बटणाखाली झाकलेलं कापड उन्हात विटत नाही, बाजूचं विटतं, आणि बटणाची सावली कापडावर राहून जाते. दोन भोकांच्या कडेला हिरवा डागही होता. पितळ घामात कळकलं की असा डाग सोडतं.

पोरगा कामावरचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचा, घेऊन आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आत्तापर्यंत तो गिऱ्हाइकासारखा बसला होता, आता कारागीर झाला. आधी बटण मोजलं, मग फटीतून व्हर्नियरचे ओठ घालून तो गोल मोजला. तीन वेळा. मिलिमीटरच्या आत बसला.

एकाच मापाची लष्करी बटणं लाखांनी बनत. त्यामुळं हाच तो कोट, असं मापावरनं कोर्टात सिद्ध होणार नाही. पण घर एक, ट्रंक एक, बटणं पाच, भोकं पाच, आणि वहिनींची आठवण की बटणं काढलेला खाकी कोट सासूबाईंनी कातरला. मला एवढं पुरलं.

माझ्यातला संग्राहक त्या वेळी काय बोलला ते लिहायला लाज वाटते. वाकळीची एक बाजू उसवली तर खाकीचा पुढचा पल्ला सबंध निघेल, मापाला बटणं आहेतच, टायटल आहे, टोपी आहे. पुतळ्यावर चढवला तर प्रदर्शनातला मानकरी. मी तोंड उघडलं आणि अर्ध्यात मिटलं, कारण वहिनी त्या टाक्यांवरनं हात फिरवत होत्या. तरी त्यांना अंदाज आला.

"सासूबाईंच्या हातचे टाके हायत ते, भाऊ. खोलायचे न्हाईत."

खोलले नाहीत. फटीतून दिसलं तेवढ्याचे फोटो काढले, पट्टी ठेवून, तिरप्या उजेडात. मग वहिनींनीच विरलेल्या जागेवर धुतलेल्या मलमलीचा तुकडा घालून कडेनं टाचला. अट एकच सांगितली: वाकळ रोज अंगावर घ्यायची नाही, आणि मशीनमधे तर मुळीच नाही. पहिली अट पाळली जाईल असं मला वाटत नाही. थंडीत बेळगाव थंड असतं.

विसार

व्यापारी पुढच्या बुधवारी आला, मी मुद्दाम थांबलो होतो. टेरीवूलची किनार दाखवली. त्यानं वाद घातला नाही. हे लोक वाद घालत नाहीत. कोट पुढं सारला आणि म्हणाला, "मग नुसती बटणं देता काय? पाचाचे चार हजार." त्याचा हिशेब मला कळत होता. कुठंतरी त्याच्याकडं बिनबटणांचा एखादा खाकी कोट असणार, किंवा तो शिवून घेणार. त्याला ही पाच लावली की एक 'संपूर्ण' गणवेश तयार होतो. प्रत्येक तुकडा खरा आणि सबंध वस्तू बनावट. आमच्या छंदात सगळ्यांत अवघड फसवणूक हीच, कारण भिंगाला ती सापडत नाही. भिंग तुकडे बघतं.

उलट म्हाताऱ्याचा लाल कोट. सगळं विजोड. टेरीवूल 1970 च्या दशकातलं, बटणं 1940 च्या दशकातली, दोन बटणं 1950 नंतरची, कॉलरचा रंग भांडून घेतलेला. पण हे विजोड एकाच माणसानं, आपल्या हयातीत, आपल्या अंगावर जुळवलं. बटणं काढून 'योग्य' कोटाला लावणं म्हणजे त्यानं केलेलं काम आपण मोडणं. मी पोराला एवढंच सांगितलं, की माझ्या लेखी हा कोट फुल ड्रेस नाही, पण ही पाच बटणं ह्याच कोटावरची आहेत.

पोरानं विसाराचे दोन हजार परत केले. त्यातले पाचशे आधीच खर्च झाले होते, ते मी घातले. चूक माझ्या मेसेजनं सुरू झाली होती. पोरगा नको-नको म्हणाला, मग घेतले. ओतीव बिल्ला व्यापारी विसरून गेला की मुद्दाम ठेवून गेला कोण जाणे. तो मी वडिलांच्या जुन्या कातर्‍यांच्या डब्यात टाकलाय, नकल कशी असते ते दाखवायला उपयोगी पडतो.

टोपी

ज्या वस्तूकडं आठवडाभर कुणी बघितलं नाही, ती खरी लष्करी वस्तू. खाकी लोकर, कसरीनं चाळण केलेली, कपाळपट्टीवर घामाचा तेलकट काळा वळ. अस्तरावर शाईचा शिक्का. बाणाची खूण आणि तिच्याखाली इंग्रजी आय, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. शेजारी पक्क्या शाईनं हातानं लिहिलेला शिपायाचा नंबर. सुटकेच्या पुस्तकातला नंबर तोच. पुस्तक आणि टोपी जुळली की वस्तू एका माणसाची होते. बाजारात ती टोपी हजार-दीड हजारांच्या वर जाणार नाही. व्यापाऱ्यानं ती हातात धरून परत ठेवली होती.

तिची कसर जिवंत होती, अळ्यांची रेशमी नळकांडी घडीत सापडली. टोपी जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केली आणि गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमधे दोन आठवडे ठेवली. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर दव धरतं. मग मऊ ब्रशनं झाडून, आत मलमलीचा बोळा भरून, आकार येईल अशी ठेवली. ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर कापराच्या वड्याही टाकलेल्या होत्या, त्या काढल्या. दोन्ही एकत्र ठेवले की एकमेकांना पाझर फोडतात आणि कापडावर ओला डाग पडतो. एकतर हे, नाहीतर ते. वर्तमानपत्रंही काढली, त्यांचा आम्ल कापडाला पिवळं करतो. त्यांत एक 1956 च्या नोव्हेंबरचं होतं, भाषावार प्रांतरचनेच्या बातम्यांचं. ते वाचण्यात माझा अर्धा तास गेला, आणि चहा परत आला.

पोरानं विचारलं, 26 जानेवारीला गावच्या प्रभातफेरीत टोपी घातली तर चालेल का. कायद्याचं विचारत होता. फौजी नसलेल्यानं आपण फौजी आहोत असं भासवायला फौजेचा वेश घालणं हा गुन्हा, संग्रह ठेवणं गुन्हा नव्हे. पण मी कायद्यावर गेलोच नाही. म्हणालो, डोक्यावर घातलीस तर कपाळपट्टी तुटेल, घामाचा तो वळ आजोबाचा आहे, त्यात तुझा मिसळेल. ताटात ठेवून ने. शंभर वर्षांच्या आतली वस्तू असल्यानं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची नोंदणी लागत नाही, हे मात्र त्याला लिहून दिलं. कुणीतरी येऊन घाबरवील म्हणून.

कोटाचं तिसरं बटण लोंबत होतं. ते मी सुती दोऱ्यानं बसवलं, जुन्याच भोकांतून. अक्षता खिशात ठेवणं बरं नव्हतं. तांदळाला पोरकिडे येतात. पण टाकू द्यायला वहिनी तयार नव्हत्या. अक्षता टाकायच्या नसतात. शेवटी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली धुऊन वाळवली, अकरा दाणे तिच्यात घातले, बूच घट्ट लावलं. बाटलीला बांधायच्या चिठ्ठीवर मी लिहिलं: लाल कोट, उजवा खिसा. पोरानं चिठ्ठी मागून घेतली आणि खाली तेच कन्नडमधे लिहिलं. त्याची पोरगी कन्नड शाळेत जाते.

"पुढं तिला वाचता यायला पायजे की, काका."

तारीख मात्र आकड्यांत एकदाच घातली.